जागा फोंड्यात, सही स्विंडनला

दुकान सुरू होऊन आता दुसरा पावसाळा चाललाय, तरी त्या एका कागदाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. झेरॉक्स, प्रिंटिंग आणि बाइंडिंगचा माझा धंदा. तुम्हाला गोव्यात, फोंड्याला असं काही काढायचं असेल तर वाचा, निदान तुमचं तरी रक्त आटायला नको.

आधी जागा कशी ठरवली ते. फोंडा कॉलेजांचं गाव म्हणतात, पण बहुतेक कॉलेजं गावाबाहेर, वर फर्मागुडीला आहेत. अभियांत्रिकी, फार्मसी, कॉमर्स, आर्ट्स-सायन्स, वर आयआयटी. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचं एकच म्हणणं, ‘गेटासमोर बघ, पोरं आयती येतील.’ भाऊ तर एक गाळा बघूनही आला होता.

मला ते पटलं नाही. एनआयटी २०१० पासून फर्मागुडीलाच होती, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात. मग तिचं स्वतःचं आवार कुंकळ्ळीला उभं राहिलं आणि विद्यार्थी, वसतिगृह, प्रोजेक्टच्या प्रिंटा सगळं तिकडे गेलं. आयआयटीसुद्धा २०१६ पासून त्याच आवारात पाहुणी आहे. तिच्यासाठी सत्तरीत शेळ-मेळावलीला जागा काढली होती, लोक उभे राहिले आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. उद्या कुठेतरी जागा मिळाली की तीही जाणार. आणि संस्था कुठे गेली नाही तरी मे महिन्यात, चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला, दिवाळीला गेटासमोर कुत्रंही फिरकत नाही. भाडं मात्र बारा महिन्यांचं.

फोंड्याच्या बाजाराचं तसं नाही. शिरोडा, बोरी, उसगाव, धारबांदोडा इकडची पोरं बसस्टँडवर उतरतात, बस बदलतात आणि वर जातात. सकाळी ती धावत असतात, कुणी थांबत नाही. परतताना मात्र पुढची बस सुटायला वेळ असतो, हातात पेन ड्राइव्ह असतो, पोटात भूक असते. म्हणून दुकान परतीच्या वाटेवरच्या बाजूला हवं. हे मी दादा वैद्य चौक ते स्टँड या पट्ट्यात संध्याकाळच्या संध्याकाळ उभी राहून बघितलंय, कुणा सल्लागाराला पैसे देऊन नव्हे. शिवाय बाजारात कोर्ट, मामलेदार कचेरी, बँका आहेत. कॉलेजं बंद असली तरी अफिडेविटाच्या आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स थांबत नाहीत. माझं मे महिन्याचं भाडं त्यांच्यावरच निघतं.

तर अशी एक जुनी जागा मिळाली. तळमजला, दर्शनी भाग चांगला, वर माडीवर घरमालक काका एकटेच. भाडं ठरलं, तीन महिन्यांचं डिपॉझिट ठरलं, काकांनी चहा दिला. मशीन कर्जावर घ्यायचं होतं म्हणून बँकेने जागेचे कागद मागितले आणि इथून पुढे माझं आयुष्य थांबलं.

घरपट्टी काकांच्या आजोबांच्या नावावर. सिटी सर्व्हेच्या फॉर्म डीवर, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर, भरगच्च नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, कधी झालीच नाही. गोव्यात हे काही नवं नाही. इथल्या प्रत्येक बाजारात अर्ध्या इमारती अशाच आहेत, भाऊबंद वाटणीच्या दाव्याला कंटाळतात आणि जो तिथे राहतो तो भाडं घेतो. नावांची यादी बघूनही मी ही जागा सोडली नाही, कारण परतीच्या वाटेवर दुसरी रिकामी नव्हती. पण बँकेचे वकील म्हणाले, सगळ्या हयात हिस्सेदारांची संमती हवी, आणि लग्न झालेल्यांच्या बाबतीत नवऱ्याची किंवा बायकोचीही. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची सामाईक धरतात, म्हणून.

काकांची एक बहीण गिरगावात. तिने लगेच सही केली. तिचे यजमान मुंबईचे, त्यांना काही केल्या पटेना की सासुरवाडीच्या दुकानाशी त्यांचा काय संबंध. ‘मी कशाला सही करू? उद्या कर माझ्याकडून वसूल करतील.’ त्यांना फोनवर समजावता समजावता मला गोव्याचा वारसा कायदा पाठ झाला. शेवटी वकिलांनी त्यांच्याशी बोलून ते मिटवलं. दुसऱ्या एका चुलत बहिणीचं नाव जुन्या पोर्तुगीज दाखल्यात एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्याच, म्हणजे ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं अफिडेविट. तेही झालं.

राहिला पुतण्या. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये स्विंडनला गेलेला, तिथे गोदामात शिफ्टची नोकरी. त्याला संमतीपत्र पाठवलं, त्याने सही करून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. बँक म्हणाली, असं चालणार नाही, भारतीय उच्चायुक्तालयातून साक्षांकित करून मूळ कागद पाठवा, किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला, लावा. तो म्हणाला, बघतो. मग म्हणाला, सुट्टी नाही. मग फोनच उचलेना. मी काकांना विचारलं की काका म्हणायचे, ‘जातलें गो बाय, तू कित्याक घाबरता?’ घाबरत नव्हते हो, हप्त्याच्या हिशोबाने मशीनचा सौदा अडकला होता आणि जून उजाडून कॉलेजं सुरू झाली होती. माझ्या डोळ्यांसमोर ॲडमिशनचा सगळा सीझन, फॉर्मांची रांगच्या रांग, समोरच्या दुकानात गेली. तो आठवडा मी त्या दुकानाकडे बघायचंही टाळत असे.

वाट निघाली ती चवथीने. गोव्यात माणूस कुठेही असो, चवथीला मूळ घरी यायचा प्रयत्न करतो. काकांचं मूळ घर मडकईला. पुतण्या येतोय हे कळल्यावर मी काकांच्या मागे लागले आणि वकिलांना विनवून गणपतीच्या दुसऱ्या दिवशी नोटरीला तिथेच घेऊन गेले. आरती संपली, नेवऱ्या म्हणजे करंज्या फिरल्या, आणि गणपतीवर फळं-भाज्या टांगलेल्या माटोळीखाली बसून सगळ्यांनी पटापट सह्या केल्या. पुतण्याने कागद वाचलाही नाही. मला म्हणाला, एवढ्यासाठी फोन करत होता तुम्ही? मी काही बोलले नाही, कारण नेवरी तोंडात होती आणि शाई अजून ओली होती.

त्यानंतर कर्ज, ट्रेड लायसन्स, शॉप अ‍ॅक्टची नोंदणी, उद्यम ही छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. उद्यम नोंदणी फुकट असते, तिचे पैसे कुणाला देऊ नका. बोर्डाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, बोर्ड रंगवायच्या आधी विचारा.

फॉर्म डी, आणि पंचायतीच्या हद्दीत असाल तर एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा), चहा पिण्याआधी काढा. चहा प्यायल्यावर नाही म्हणणं जड जातं. नावं जास्त असतील तर मालकाला एवढंच विचारा, परदेशात कोण आहे आणि चवथीला येतो का.

जागा जुलैत बघा. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी भिंत पावसात घाम गाळते आणि ओलसर कागद मशीनमध्ये अडकतो. मी रिमं जमिनीवर ठेवत नाही, लाकडी फळ्यांवर ठेवते.

दुपारी एक ते साडेतीन शटर ओढायची आपल्याकडची सवय या धंद्यात मोडा. लेक्चर संपवून खाली आलेली पोरं नेमकी त्या वेळात फिरत असतात आणि बाजार झोपलेला असतो. मी डबा दुकानातच खाते. प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवसांत सोनेरी अक्षरांची काळी बाइंडिंगं आदल्या दिवशी मागणारी पोरं येतात, त्यांच्याकडून आधी पैसे घ्या.

करार अकरा महिन्यांचा आहे. मडकईला सह्या झाल्या त्या संमतीपत्रात मी वकिलांकडून एक वाक्य घालून घेतलं होतं, की काकांना हाच करार पुढेही नव्याने करून द्यायचा अधिकार सगळे हिस्सेदार देत आहेत. परवा पहिल्यांदा तो नवा केला. काकांनी एकट्याने सही केली आणि बँकेने मुकाट्याने घेतली.