कार्नेगी हॉलच्या छताला पडलेलं भोक

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या संगीतसभागृहाबद्दल बोलताना सगळे रशियन संगीतकार चायकोव्हस्कीपासून सुरू करतात, बरोबरच आहे म्हणा, ५ मे १८९१ ला उद्घाटनाच्या रात्री तो स्वतः कंडक्ट करायला उभा होता. पण मला वेड लावलं ते तिथल्या भोकाने.

झालं असं की १९४६ मध्ये एका सिनेमाच्या शूटिंगसाठी स्टेजवरच्या छताला चक्क भोक पाडलं आणि नंतर ते कुणी बुजवलंच नाही, कॅनव्हास आणि पडदे टांगले, झालं काम. असं ४० वर्षं चाललं! आणि खाली बसलेले दर्दी लोक काय आवाज आहे, काय आवाज आहे म्हणून माना डोलावतायत. १९८६ च्या मोठ्या रिनोव्हेशनमध्ये ते बंद केलं तर कुरकुर सुरू, पूर्वीची मजा गेली म्हणे. मग काहींना संशय की स्टेजखाली काँक्रीट ओतलंय. १९९५ मध्ये स्टेजच्या फळ्या उखडल्या आणि खरंच काँक्रीट निघालं! फोडून काढलं सगळं.

मुळात ही बिल्डिंग उभी आहे हेच नशीब. इथे वाजवणारा न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा लिंकन सेंटर या नव्या कलासंकुलात जाणार म्हटल्यावर इथे लालभडक ४४ मजली टॉवर बांधायचा प्लॅन होता. व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न हात धुऊन मागे लागला म्हणून १९६० मध्ये शहराने ५० लाख डॉलरला ती विकत घेतली. गंमत म्हणजे लिंकन सेंटरचा तो नवा हॉल १९६२ मध्ये उघडला आणि त्याचा आवाज इतका फसला की १९७६ मध्ये आतून पूर्ण तोडून परत बांधावा लागला.

जुन्या वस्तूंचं म्हणाल तर हॉलचं स्वतःचं आर्काइव्ह थेट १९८६ मध्ये सुरू झालं, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं कागदपत्रं जिकडेतिकडे. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या १९३८ च्या गाजलेल्या जॅझ कॉन्सर्टचं रेकॉर्डिंगसुद्धा कितीतरी वर्षं त्याच्या घरच्या कपाटात पडून होतं, १९५० मध्ये बाहेर आलं. त्याचं क्लॅरिनेट आता तिथल्या म्युझियममध्ये काचेमागे आहे.

तळघरात २००३ मध्ये खडक फोडून झँकेल हॉल हे आणखी एक सभागृह केलं, पण शेजारून सबवे (भुयारी रेल्वे) जाते त्याचं काय करणार? पियानो अगदी हळू आला की नेमकी ती गडगडते.