तुम्ही विचारलंत म्हणून: डायनासोर नाही, तर मी शोधते काय?

"डायनासोरचं एखादं हाड सापडलं का गं?" मी पुराजीवशास्त्रात, म्हणजे जीवाश्मांवर, संशोधन करते हे बडोद्यात कुणाला कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. दांडिया बाजारातल्या मावशी विचारतात, विभागात नव्याने आलेली मुलंही विचारतात. विचारणारच. डायनासोरच्या अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं बालासिनोरजवळचं रैयोली इथून काही तासांवर आहे. तिथल्याच हाडांवरून २००३ साली राजासॉरस या डायनासोरचं नामकरण झालं.

पण मी हाडं शोधतच नाही. मी बिळं शोधते.

भूजच्या आसपासच्या डोंगरांत ज्युरासिक समुद्राच्या तळाचे थर उघडे पडलेत. त्या गाळात कृमी राहत होते, कोळंबीच्या गोतावळ्यातले प्राणी घरं खणत होते. कृमींना हाड नाही, कवच नाही. मेले की संपले. त्यांनी खणलेल्या वाटांत मात्र वेगळा गाळ भरला आणि कोट्यवधी वर्षांत त्याचा दगड झाला. याला ट्रेस फॉसिल म्हणतात.

यात एवढं काय, असं वाटत असेल तर सयाजीबागेतल्या संग्रहालयात जाऊन निळ्या देवमाशाचा सांगाडा बघा. तो देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आला होता. उद्या कुणाला तेवढीच हाडं नदीच्या गाळात मिळाली, तर देवमासे महीत राहायचे असा निष्कर्ष काढता येईल का? शरीर मेल्यावरही वाहत जातं, लाटा शिंपले एका जागेहून उचलून दुसरीकडे लोटतात. बीळ असं वाहून दुसरीकडे जात नाही. जिथे ते दिसतं तिथेच, त्याच गाळात, तो प्राणी जिवंत होता. मला या विषयाची ओढ लागली ती यामुळेच.

आणि बिळाची ठेवण वाचता येते. स्कोलिथॉस म्हणजे थरात उभ्या गेलेल्या सरळ नळ्या. पाणी खळबळतं असलं की अन्न पाण्यातच तरंगतं, मग प्राणी खाली दडून वरचं अन्न टिपतो. ऱ्हायझोकोरॅलियम इंग्रजी यू अक्षरासारखं, बहुधा आडवं किंवा तिरपं असतं. त्याच्या दोन बाहूंमध्ये कमानींच्या रेघा दिसतात, कारण प्राणी गाळ खात खात बीळ सरकवत गेलेला असतो. तिथे पाणी त्या मानाने शांत होतं आणि अन्न तळाशी बसत होतं. ऑफिओमॉर्फाची भिंत तर बघतच राहावी! सुटी वाळू ढासळू नये म्हणून प्राण्याने चिखलाच्या गोळ्या करून आतून लिंपलेल्या, त्याही एकीला एक लागून. ही नावं बिळांची आहेत, प्राण्यांची नव्हेत, कारण वेगवेगळे प्राणीही सारखंच बीळ खणतात. अशा खुणांच्या समूहांवरून जुन्या समुद्रतळाची परिस्थिती ओळखण्याची पद्धत जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ झाइलाखर यांनी १९६०च्या दशकात मांडली. आम्ही आजही तिच्यावरच उभे आहोत.

सगळ्यात जास्त वेळ मी वादळांच्या थरांपाशी घालवते. वादळ तळावर एकदम वाळूचा थर टाकतं आणि खालची वस्ती गाडली जाते. त्या नव्या वाळूत आधी थोडेच, चटकन पसरणारे प्राणी शिरतात, त्यांची उभी बिळं वरून खाली उतरलेली दिसतात. समुद्र निवला की जुनी मंडळी परततात आणि वरचा गाळ पुन्हा खणून काढतात. एका कड्यावर छिन्नी-हातोडा नि भिंग घेऊन उभं राहिलं, की एक आपत्ती आणि त्यानंतरचं पुनर्वसन वीतभर जाडीत समोर असतं. हाडांत मला हे कधी सापडलं नसतं.

नोकरीचंही विचारता, तर सांगते. आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी भूविज्ञान विभागात शिकवतात. एमएस्सीनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची वेगळी परीक्षा असते. तेलाच्या शोधातही या खुणा कामी येतात. विहिरीतून काढलेल्या दगडी गाभ्यात बिळं ओळखता आली, तर ती वाळू किनाऱ्याजवळची की खोल पाण्यातली हे ठरवायला मदत होते. तुमच्या मुलीला याची खरंच आवड असेल, तर अकरावीत गणित घेताना तिला जीवशास्त्र सोडू देऊ नका. दोन्ही लागतात.