बुधवारपर्यंत १८५७

रविवारी दुपारी भांडी घासून जरा आडवं व्हावं, तर लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर टिंग वाजतंच. साप्ताहिक नियोजन. आठवी ‘ब’, इतिहास व नागरिकशास्त्र. ‘सोमवार : पाठ ४, उठावाची कारणे. मंगळवार : उठावाची व्याप्ती. बुधवार : १८५७ पूर्ण करणे. गुरुवार : स्वाध्याय वहीत. शुक्रवार : वही तपासणी, कव्हर व अनुक्रमणिका असावी.’ खाली जोडलेले हात आणि एक फूल. मग पालकांचे अंगठे, एकामागून एक.

बुधवारच्या ओळीवर मी जरा रेंगाळले. तात्या टोपेंना पकडून शिवपुरीला फाशी देईपर्यंत इंग्रजांना १८५९ चा एप्रिल उजाडला. आमच्या बाई तेच काम बुधवारी मधल्या सुट्टीच्या आत उरकणार. त्यातही हजेरी आहे, ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ आहे, मध्येच येणारी सूचनावही आहे. मला खरं तर त्यांचं कौतुकच वाटतं.

हे नियोजन मी कालनिर्णयवर उतरवून ठेवते. ‘आई, ते मोबाइलमध्ये आहे की,’ लेक म्हणते. असू दे. मोबाइलमधलं मला आठवत नाही, भिंतीवरचं आठवतं. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात बुधवारच्या चौकोनात ‘गॅस’, ‘दुधाचे पैसे’ आणि ‘१८५७’ एकाखाली एक आहेत. परवा सासूबाई चष्मा वर करून विचारत होत्या, हे एवढे पैसे कोणाला द्यायचेत?

आमच्या वेळी नियोजन फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात असायचं. खडूची चौकट, आत सरांचं तिरकं अक्षर, खाली ‘पुसू नये’. गणिताच्या बाईंना जागा पुरायची नाही, पण त्याही समीकरण त्या चौकटीपर्यंत आणून खालच्या ओळीवर वळवायच्या. चौकटीत हमखास एक वाक्य असायचं : ‘शुक्रवारी नकाशा.’ ती आठवण आमच्यासाठी होती की सरांनी स्वतःसाठीच लिहून ठेवली होती, कोण जाणे. शुक्रवार आला की सर पहिल्या बाकावरच्या दोघींना शिक्षकांच्या खोलीत पिटाळायचे.

नकाशे कपाटामागे उभे असत. गुंडाळलेले, दोन्ही टोकांना लाकडी दांडे, सगळे बाहेरून सारखेच मळके. कपाळावर चिठ्ठी एकाच्याही नाही. आम्ही एक उचलून आणायचो, खिळ्याला टांगायचो, उलगडायचो, तर दक्षिण अमेरिका, प्राकृतिक. पुन्हा परत. तोवर निम्मा तास गेलेला. अखेर भारत यायचा. मेणकापडाला घड्यांच्या जागी भेगा पडलेल्या, काश्मीरला टाचणी, श्रीलंकेवर शाईचा डाग. आणि कानपूर तर नव्हतंच. किती वर्षांच्या मुलामुलींना ते दाखवताना छडीचं टोक तिथे टेकलं असेल! रंग पार उडून खालचं पांढरं कापड दिसायचं. सर त्या पांढऱ्या ठिपक्यावर छडी टेकवून म्हणायचे, ‘हे कानपूर.’ उठावाची ठिकाणं नकाशात दाखवा, हा प्रश्न आला की वर्गातल्या कुणाचं मेरठ हरियाणात जायचं, झाशी थेट भोपाळला टेकायची, पण कानपूर कधी कुणाचं चुकलं नाही.

नियोजन मोडण्यासाठीच असतं, हे तेव्हाही खरं होतं. जूनमध्ये सगळं आखीव असतं. मग पावसाच्या सुट्ट्या, पंधरा ऑगस्टची कवायत, गणपती, सहामाही, दिवाळी. दिवाळीनंतर गॅदरिंग, आणि गॅदरिंगची तालीम म्हटली की इतिहासाचाच तास धरला जातो. गणिताच्या बाईंना तास कमी पडला तरी त्या शेजारच्या वर्गाच्या दारातून बोटानेच खूण करतात, तुमचा आजचा मिळेल का? इतिहासाचे शिक्षक देतात. झालंगेलं कुठे पळून जातंय! त्यातून निवडणूक लागली की सर ड्यूटीवर. फेब्रुवारीत वर्गात एक वाक्य येतं : ‘उरलेले पाठ घरी वाचा, महत्त्वाचे प्रश्न मी टिक करून देते.’

कोणते पाठ उरतात ते एकदा बघाच. आठवीच्या सध्याच्या पुस्तकात इतिहासाचे चौदा पाठ आहेत. तेरावा, ‘स्वातंत्र्यलढ्याची परिपूर्ती’ : जुनागढ, हैदराबाद, काश्मीर, मग पुदुच्चेरी, आणि शेवटी १९ डिसेंबर १९६१, गोवा. चौदावा, ‘महाराष्ट्र राज्याची निर्मिती’. म्हणजे भाषावार राज्यांचा विचार करणारं दार कमिशन, मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य, फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती, अत्र्यांचं दैनिक ‘मराठा’, शाहीर अमर शेख. बहुतेक शाळांत हे दोन पाठ सापडतात वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, आणि जातात ‘घरी वाचा’मध्ये.

आमच्या घरातलंच बघा. आमचे हे पानिपतावर अर्धा तास बोलतील. विश्वासरावांना गोळी लागली आणि भाऊ हत्तीवरून उतरले, हे सांगताना आवाज चढतो. पण गोवा कधी मुक्त झाला विचारा. ‘सत्तेचाळीस?’ असं प्रश्नचिन्हासकट उत्तर येतं, आणि दर मे महिन्यात हाच माणूस गोव्याला जायचा हट्ट धरतो. त्यांच्या शाळेत इतिहास पंधरा ऑगस्टला संपला असणार. आमच्याही संपला. मधल्या कोणत्या आठवड्यात पाऊस जास्त झाला, त्यावर कुणाला काय ठाऊक आहे ते ठरतं असं मला अधूनमधून वाटतं.

यातली खरी गंमत एक मेची. कित्येक शाळांत निकाल महाराष्ट्र दिनालाच लागतो. सकाळी कडक इस्त्री, झेंडावंदन, राज्यगीत, मग वर्गात जाऊन प्रगतिपुस्तक. १९६० साली याच तारखेला नेमकं काय झालं, हा ज्या पाठाचा विषय, तो न शिकता मुलं त्या इयत्तेतून पास होऊन बाहेर पडतात. मग गेटवर बर्फाचा गोळा.

माझी मावशी बेळगावात मराठी शाळेत इतिहास शिकवायची. सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो, तेव्हा मेच्या शेवटाला ती जेवणाच्या टेबलावर वार्षिक नियोजनाची लांबडी वही घेऊन बसलेली असायची. पट्टीने आखलेले रकाने : महिना, घटक, तासिका, साहित्य, शेरा. ‘साहित्य’ या रकान्यात वर्षभर ‘खडू, फळा, नकाशा’ लिहायचं काम आम्हा भाचरांकडे असे. नोव्हेंबरच्या ओळीत पहिल्या तारखेला ती लाल शाईने लिहायची : ‘राज्योत्सव, सुट्टी.’

१ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी आमच्या बाजूला द्वैभाषिक मुंबई राज्य झालं आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं; राज्योत्सव त्याचाच. महाराष्ट्रात न गेल्याच्या निषेधाचा काळा दिवसही तिच्या गल्लीत त्याच तारखेला पाळत. शेजारचे काका दंडाला काळी फीत बांधून फेरीला निघत. मावशीची नोकरी शाळेची, ती फेरीत जात नसे. या सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला तो १९६६ मध्ये, त्याचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मावशी त्याआधीच निवृत्त झाली होती.

गेल्या दिवाळीत फोनवर मी तिला विचारलं, तुझ्या पुस्तकात हा भाग कसा गं होता? म्हैसूर राज्याचं एकीकरण, असा? तू वर्गात काय सांगायचीस, सगळी आपलीच मुलं समोर?

‘दोन मार्काला यायचं की ते,’ मावशी म्हणाली. ‘शिकवायचं आणि पुढच्या पाठाला लागायचं. पोर्शन संपवायचा असतो बाई.’

मग ती चकल्यांचं विचारू लागली.