तीनदा वाचला तरी धडा येत का नाही

दहावीची पोरं माझ्याकडे संध्याकाळी येतात, बहुतेक आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातलीच, आणि धडा झाला का विचारलं की उत्तर ठरलेलं, "हो अक्का, तीनदा वाचला". पुस्तक बघावं तर अख्खं पान पिवळं, हायलायटरमधून एक ओळ सुटलेली नाही. पोरगं खरंच दोन तास बसलेलं असतं, शेजारी यंत्रमागाचा खडखडाट चालू असताना बसलेलं असतं, आणि पुस्तक मिटून धड्यातलं काही विचारलं की गप्प. मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

होतं काय की दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटायला लागतं आणि आपण समजतो की आलं. पण पेपरात पुस्तक समोर नसतंय, तिथे आठवावं लागतं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर ह्याचाच प्रयोग केला होता, काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे पुढे होते! पण आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आठवत होतं आणि वाचणाऱ्यांना ४२. रात्री वाचून झोपताना "येतंय की" वाटतं आणि पेपरात हात थांबतो तो ह्याच्यामुळेच.

म्हणून मी पोरांना धडा मागून उघडायला लावते. आधी स्वाध्याय वाचायचा, एकही उत्तर येत नसलं तरी, म्हणजे धड्यात काय शोधायचं ते डोक्यात बसतं. मग नुसती शीर्षकं आणि आकृत्या बघायच्या. मग एक मुद्दा, म्हणजे पान-दीड पान, वाचायचं आणि पुस्तक मिटून रफ वहीत लिहायचं, मोडकंतोडकं चालेल, अक्षर कसंही चालेल. मग पुस्तक उघडून जे सुटलं तेवढंच लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी वाचायचं ते लाल. बालभारतीच्या पुस्तकात मधेमधे 'थोडे आठवा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी असतात ना, पोरं त्या सरळ सोडून पुढे जातात, मी म्हणते आधी त्याच सोडवा, कारण तिथे पुस्तक स्वतःच तुमची परीक्षा घेतंय.

आता प्रकाशाचे अपवर्तन, म्हणजे हवा-पाणी अशा एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश वळतो, हाच धडा घ्या. साइन आय भागिले साइन आर स्थिर (आय म्हणजे आत येणाऱ्या किरणाचा, आपाती कोन, आर म्हणजे वळलेल्या किरणाचा), हे सगळ्यांना पाठ असतं. पण किरण पाण्यातून हवेत येताना स्तंभिकेकडे, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेषेकडे, वळेल की दूर जाईल असं विचारलं की अंदाजपंचे. इथे घोकून काही होत नाही, कोरा कागद घ्या, पाण्याचा पृष्ठभाग काढा, स्तंभिका काढा, किरण काढा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हवेचा जवळपास १, आणि हा आकडा जितका लहान तितका प्रकाशाचा वेग जास्त, म्हणजे हवेत प्रकाश जास्त वेगाने जाणार, म्हणून तो स्तंभिकेपासून दूर जाणार. आपाती कोन वाढवत नेला की एका कोनानंतर किरण बाहेरच पडत नाही, सगळा पाण्यातच परत फिरतो, तिथे क्रांतिक कोन (ती मर्यादा) आणि पूर्ण आंतरिक परावर्तन (ते परत फिरणं) आपोआप येतं. चार आकृत्या हाताने काढल्या की अर्धा धडा झाला.

आणि सगळ्यात भारी उपाय म्हणजे घरात कुणालातरी सांगणे. माझ्याकडच्या एका मुलीने तारे का लुकलुकतात ते तिच्या आईला सांगितलं, आई विड्या वळत ऐकत होती, पोरगी तेलुगूत सांगत होती, मधेच आईने विचारलं, मग तो शुक्र का लुकलुकत नाही गं? पोरगी अडली, दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. तारा इतका लांब की एका बिंदूसारखा दिसतो, हवेची घनता बदलली की त्याचा प्रकाश हलतो, कमीजास्त होतो, ग्रह जवळ, म्हणजे पुष्कळ बिंदू एकत्र, एकाचा कमी झाला तर दुसऱ्याचा वाढतो, एकूण सारखाच दिसतो. हे आता ती कधी विसरणार नाही. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, आपल्याला विज्ञान येत नाही म्हणून लांब राहू नका, नुसतं "का?" विचारा, तेवढं पुरतं.

राहिला वेळेचा प्रश्न. जानेवारीत गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, आणि सराव परीक्षा एकत्रच येतात, आणि गड्ड्याला जाऊ नको असं मी कुणाला म्हणत नाही, सोलापूरचं पोर आहे, जत्रेतल्या मिरवणुकीचे नंदीध्वज बघणारच. फक्त एक धडा एकाच दिवशी सहा तास धरून बसू नका. आज तासभर, उद्या दहा मिनिटं न बघता लिहून, मग रविवारी परत, मग पंधरा दिवसांनी. पुस्तक फाटलंय हरवलंय असं असेल तर बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते. इतिहासाच्या सनावळ्यांचं मात्र गणित थोडं वेगळं आहे, त्यावर पुढच्या वेळी सविस्तर लिहिते.