पाणीखातं कुणाकडे?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात (विदर्भात उन्हामुळे आठवडा-दहा दिवस उशिरा) आणि पहिल्याच आठवड्यात वर्गावर्गात एक नेमणूक होते. वर्ग नवा, बाई नव्या, ओली दप्तरं आणि वह्यांच्या खाकी कव्हरांचा वास; कोण कसं आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तरी मॉनिटर लागतोच. आमच्या वेळी या निवडीला दोनच निकष होते. एक तर उंची, नाहीतर उपद्रव. उपद्रवी पोराला मॉनिटर केलं की वर्गातला निम्मा गोंधळ आपोआप सरकारजमा होतो, हे डी.एड.ला शिकवतात की नाही माहीत नाही, पण प्रत्येक शिक्षकाला येतं.

मॉनिटरचे अधिकार कुठे लिहिलेले नसायचे. बाई ऑफिसात गेल्या की फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावे’ असा मथळा पडायचा आणि खाली यादी. पुन्हा बोललास की नावापुढे फुली, आणखी बोललास की दुसरी. मॉनिटरच्या बाकावरचा सोबती या यादीत कधीच नसायचा. मधल्या सुट्टीत कैरीच्या लोणच्याची फोड हातावर पडली की एखादं नाव बोटाने पुसलं जायचं. पण खडूचा पांढुरका डाग मागे राहायचा, तो पाहून बाकीचे बोंब मारायचे, आणि मग बोंब मारणाऱ्यांची नावं यादीत चढायची.

खरी मिळकत मात्र यादीत नव्हती, व्हरांड्यात होती. खडू संपला, जा. डस्टर शेजारच्या वर्गात राहिलं, जा. वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये ठेवून ये. तास चालू असताना, सगळी शाळा बाकांवर अडकलेली असताना, एकट्याने व्हरांड्यातून रमतगमत जायला मिळणं याला तोड नव्हती. एका वर्गातून पाढे, दुसऱ्यातून छडीचा आवाज, तिसऱ्यात खिडकीशी बसलेला मित्र डोळे मोठे करून बघतोय. स्टाफरूममध्ये शिक्षक चहा पितात, खदाखदा हसतात आणि एकमेकांना अरे-तुरे करतात, ही बातमी वर्गात आणणारा तोच. बाकीच्यांना ती खरी वाटायची नाही.

मोठ्या पोरांनी धाकट्यांना सांभाळायचं, ही चाल आपल्याकडे जुनीच. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायला वरची मुलं असायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासमध्ये अनाथ मुलांची शाळा चालवत होता. मलबारी मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली आणि तेच आपल्या शाळेत सुरू केलं. मोठ्या शिक्षकांशी जमेना, म्हणून पोरांनाच पोरांवर शिकवायला बसवलं. १७९७ साली त्याने या प्रयोगावर लंडनमध्ये पुस्तक छापलं आणि पुढे इंग्लंडात ही ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. तेव्हा मॉनिटर आपण साहेबाकडून घेतला असं कुणी म्हणालं, तर उसनवारी दोन्हीकडून झालीय एवढं सांगून ठेवावं. फरक इतकाच की बेलचा मॉनिटर शिकवायचा, आमचा नुसतीच नावं लिहायचा.

माझी भाची सातारा जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. तिथे बाईंनी नजर फिरवून कुणाला उभं करायचं, हा प्रकारच उरलेला नाही. शालेय मंत्रिमंडळाची रीतसर निवडणूक होते. अर्ज, माघार, चिन्हवाटप: पेन्सिल, छत्री, पतंग, फुगा. प्रचाराला मधली सुट्टी. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ अजून चालतं. शिक्का जाऊन बटण आलं तरी यमक कुणी बदललेलं नाही. गुरुजींच्या मोबाइलवर मतदानयंत्राचं ॲप असतं आणि बटण दाबलं की खऱ्यासारखाच लांबलचक ‘पीऽऽ’ वाजतो. केंद्राध्यक्ष सातवीतला, मतदान अधिकारी सहावीतले, बोटाला मार्करची रेघ. खरी शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते आणि बरेच दिवस बोटावर टिकते. मार्कर पहिल्या साबणाला जातो. म्हणून भाचीने आंघोळीच्या वेळी ते एक बोट वर धरलं होतं, असं ताई सांगत होती.

मुख्यमंत्रिपदाच्या एका उमेदवाराने शनिवारी दुपारभर खेळ घेऊ, असं आश्वासन दिलं. शनिवारी शाळा सकाळचीच असते, दुपारी सगळे घरी असतात, हे कुणी विचारलं नाही. तो निवडून आला. भाची थोडक्यात पडली. पण तिकडे पडलेल्यांनाही खातं मिळतं (हा कित्ता गुरुजींनी मोठ्यांचा गिरवला की मोठ्यांनी गुरुजींचा, ते तुम्हीच ठरवा) आणि तिच्या वाट्याला पाणी आलं.

सहलमंत्री व्हायला सगळ्यांच्या उड्या पडतात. सहल निघते दिवाळीनंतर, तोवर मंत्री बिनकामाचा. शिक्षणमंत्र्याकडे परिपाठ. राष्ट्रगीत, २०२३पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, आणि बोधकथा. बाकीचं सगळं पार पडतं, बोधकथेला रोज नवा माणूस कुठून आणायचा, या चिंतेने तो पोरगा वाळत चाललाय म्हणे. स्वच्छतामंत्र्याची कुणालाच असूया नाही. आहारमंत्री खिचडीच्या रांगेला उभा असतो, पहिलीची पोरं आधी बसवतो आणि स्वतः शेवटी जेवतो. मुख्यमंत्री पंधरा ऑगस्टला सरपंचांना गुलाबाचं फूल देतो.

शहरातल्या इंग्रजी शाळांत हेड बॉय, हेड गर्ल, छातीवर बिल्ला, खांद्यावरून पट्टा, पालकांना बोलावून शपथविधी. फोटो छान येतात. आमच्या सोसायटीतल्या एका हाउस कॅप्टनला विचारलं, काम काय असतं रे? म्हणाला, रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं.

मला त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आवडलं ते मतदान नव्हे. त्याची नक्कल पोरं टीव्ही बघूनही शिकली असती. आवडलं ते हे, की मोटर लावायची राहिली आणि टाकी रिकामी असली, तर खिचडी खाऊन उठलेली अख्खी शाळा पाणीमंत्र्याकडे बघते. आश्वासनाचं तिथे काही चालत नाही. हात खरकटे असतात.

आणि एक गंमत बघा. बोटाला मार्कर लावून मत देणारी ही पोरं कॉलेजात जातील तेव्हा वयाने खरी मतदार झालेली असतील. १९८९पर्यंत त्यासाठी एकवीस वर्षं लागायची, आता अठरा पुरतात. पण कॉलेजातला प्रतिनिधी मात्र त्यांना निवडता येईल याचा भरवसा नाही. हाणामाऱ्यांना कंटाळून महाराष्ट्राने १९९४च्या विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुका बंद केल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. २०१६च्या कायद्याने त्या परत आणायची तरतूद केली, २०१९मध्ये घ्यायचं ठरलंही, आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकललं. म्हणजे पाचवीत आमदार-खासदारांसारखा प्रचार, आणि विसाव्या वर्षी पुन्हा ‘बाई नजर फिरवतात’. निदान उंची तरी बघत नाहीत.

भाचीला हे सांगून उपयोग नव्हता. तिचं लक्ष गणपतीनंतरच्या खातेबदलाकडे आहे. सहल घे की, मी म्हटलं. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“नको. घंटा मागणारे मी.”

“घंटेचं वेगळं खातं असतं?”

“गुरुजींना सांगून काढायचंय. अरे मामा, घंटा दिली की गुरुजीपण शिकवायचं थांबतात.”