छत्तीस सेकंदांचा डोंगर

११ जून २०१८ची सकाळ होती. मृग लागून तीन-चार दिवस झाले होते, अंबाजोगाईवर ढग नुसतेच येऊन जात होते, आणि मी गॅलरीत चहाचा कप हातात धरून छत्तीस सेकंदांची एक चित्रफीत पाहत होतो. अमेरिकेत तेव्हा दहा तारखेची संध्याकाळ होती आणि लॉस एंजेलिसच्या ई-थ्री नावाच्या व्हिडिओ गेमच्या मेळ्यानिमित्त बेथेस्डा कंपनी आपल्या येऊ घातलेल्या खेळांच्या घोषणा करीत होती. चित्रफितीत धुके, त्यातून वर आलेले खडकाळ डोंगर, पलीकडे किनारा आणि शेवटी एक नाव होते: ‘द एल्डर स्क्रोल्स’, सहावा भाग. माणूस नाही, तलवार नाही, तारीख तर नाहीच. मी ती लागोपाठ अकरा वेळा पाहिली, तोवर चहावर साय आली.

तेव्हापासून मी वाट पाहतो आहे. या काळात मार्च २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची पालक कंपनी विकत घेतली, आणि डिसेंबर २०२३मध्ये ई-थ्रीचा तो मेळाच कायमचा बंद झाल्याचे जाहीर झाले. ज्या जत्रेत नवस बोललो ती जत्राच उठली आणि नवस तेवढा अंगावर राहिला, असा हा प्रकार आहे. मार्च २०२४मध्ये या मालिकेला तीस वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने निर्मात्यांनी कळवले की नव्या भागाची अगदी प्राथमिक आवृत्ती आपण आतल्या आत खेळून पाहत आहोत. एवढ्या एका वाक्यावर माझे सहा महिने बरे गेले.

ज्यांना या खेळांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. बहुतेक व्हिडिओ गेम हे एखाद्या बोळासारखे असतात. पुढे चालत राहायचे, वाटेत आडवे येणाऱ्यांना बाजूला करायचे आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचे. मुक्त विश्वाच्या खेळात मात्र एक अख्खा मुलूख तुमच्यापुढे मांडून ठेवलेला असतो, डोंगर दिसला तर त्यावर चढता येते, दार दिसले तर बहुधा ते उघडते, आणि आपण योद्धा व्हायचे, चोर व्हायचे की जडीबुटी गोळा करणारा वैदू व्हायचे हे आपणच ठरवायचे असते. मुख्य कथा असते, पण तिची सक्ती नसते. याच मालिकेतला पाचवा भाग, ‘स्कायरिम’, ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. त्याची सुरुवात मोठी नाट्यमय आहे. हात बांधलेल्या अवस्थेत तुम्ही बैलगाडीसारख्या एका छकड्यातून वधस्तंभाकडे चाललेले असता, ऐन वेळी आकाशातून एक ड्रॅगन उतरतो, त्या धांदलीत तुम्ही निसटता आणि डोंगर उतरून एका नदीकाठच्या गावात येता. गावकरी काकुळतीने सांगतात, व्हाइटरनच्या सरदाराला आमचा निरोप द्या, ड्रॅगन आला आहे, शिपाई पाठवा. हा निरोप मी तीन महिने दिला नाही. ड्रॅगनही थांबला आणि सरदारही थांबला. मी मात्र त्या नदीकाठाने फुले खुडत हिंडलो, आणि आजवर कुठल्याही प्रवासात मला इतके समाधान लाभलेले नाही.

तो २०१३चा उन्हाळा होता. मराठवाड्याच्या लोकांना त्या वर्षाची वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. खेळाची डीव्हीडी मित्राने औरंगाबादहून आणली होती (शहराचे नाव तेव्हा तेच होते), पण ती घातल्यावर कळले की इंटरनेटवर नोंदणी केल्याखेरीज खेळ सुरूच होत नाही, आणि मग एका इवल्याशा डोंगलवर रात्रभर ते सोपस्कार चालले. वरच्या खोलीत कूलर होता, मात्र त्यात घालायला पाणी नव्हते, म्हणून तो कोरडाच घरघरत गरम वारा अंगावर टाकी. अशा खोलीत, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, मी बर्फाच्या प्रदेशात फिरत असे. पडद्यावर हिमवादळ सुटले की अंगावर काटा यायचा, आणि कपाळावरचा घाम पुसायला हात वर गेला की मी पुन्हा अंबाजोगाईत यायचो.

आजीला वरचा जिना चढवत नसे, तरी एका दुपारी ती भिंतीला धरून वर आली. मी काय करतो आहे याची तिला काळजी असावी. दारात उभी राहून तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “काय करायलास रं? ही कुठली नदी म्हनायची?” मी खरी नाही म्हणून सांगितले. ते तिच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे, कारण ती खाटेवर टेकली आणि खळाळत्या पाण्याकडे टक लावून म्हणाली, “आपली मांजरा कोरडीठाक पडली, अन् हितं बघ की कसं वाया चाललंय.” त्या नदीची रचना, तिच्या उजेडाचे प्रतिबिंब, तिचा आवाज यांचे परीक्षकांनी किती कौतुक केले ते मी वाचले होते. पाणी वाया चालले आहे असे म्हणणारी परीक्षक तेवढी माझी आजी होती.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. मी इंग्रजी संवाद मराठीत सांगायचो आणि ती निवाडा करायची. त्या नदीकाठच्या गावात एक दुकानदार आणि त्याची बहीण असतात, दुकानातला एक सोन्याचा पंजा चोरीला गेलेला असतो आणि त्यावरून दोघांचा वाद चाललेला असतो. मी तो वाद ओलांडून पुढे जाऊ लागलो तर आजीने अडवले. “बिचाऱ्याची वस्तू गेली अन् तू तसाच चाललास व्हय? आधी ह्येचं काम कर.” मग डोंगरावरच्या पडक्या थडग्यात शिरलो, चोराकडून पंजा मिळवला आणि आत खोलवर एका दगडी दारापाशी अडकलो. दारावर तीन कडी फिरतात, प्रत्येकावर प्राण्यांची चित्रे आहेत, आणि ती बरोबर जुळल्याखेरीज दार उघडत नाही. अर्धा तास माझी खटपट चालली. शेवटी जपाची माळ ओढता ओढताच आजी म्हणाली, “पंजा हाय न्हवं? मग तळवा बघ की. नशीब तळव्यावरच ल्हिलेलं असतंय.” मी पंजा उलटा फिरवला. तळव्यावर तीन चित्रे कोरलेली होती, दार उघडायचा तोच क्रम होता. तेवढ्यात खाली टँकर आल्याची हाळी झाली. मी खेळ थांबवला आणि घागरी घेऊन धावलो. या खेळांचा हा एक फार मोठा सभ्यपणा आहे. तुम्ही पाण्याच्या रांगेत उभे असता तेवढा वेळ तिथला वारासुद्धा हलत नाही.

मला या खेळांत नेमके काय आवडते याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. लढाया मला नीट जमत नाहीत आणि ड्रॅगनांचे विशेष आकर्षणही नाही. मला आवडते ते वाट सोडून जाणे, आणि वाट सोडल्यावर तिथे काहीतरी असणे. यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे, कारण नुसती वाट सोडायला माळरान पुरते. महानुभाव पंथात ‘स्थानपोथी’ नावाचा एक जुना ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, ज्या देवळात उतरले, जिथे बसले, त्या जागा त्यात दिशांसकट आणि खुणांसकट नोंदून ठेवल्या आहेत. पैठणपासून किती गावे त्यात येतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी मोठी घटना घडलेली नसते. कुठे नुसता मुक्काम झालेला असतो. तरी भाविक माणूस पोथीवरून ती जागा शोधत जातो आणि तिथे पोचल्यावर त्याला रिकामे वाटत नाही, कारण कुणीतरी आधी तिथे येऊन, थांबून, ती जागा मनात धरलेली आहे हे त्याला ठाऊक असते. स्कायरिमच्या नकाशावर फिरताना मला हेच वाटे. एखाद्या कड्यावर, कुठल्याही कथेशी संबंध नसलेल्या जागी, एक मोडकी खुर्ची, शेजारी एक पुस्तक आणि रिकामी बाटली सापडे. ती बाटली तिथे कुणीतरी हाताने ठेवलेली असे.

म्हणूनच नवा भाग किती मोठा असेल, या चर्चेत माझे मन रमत नाही. मालिकेचा दुसरा भाग, ‘डॅगरफॉल’, १९९६ साली आला. त्याचा मुलूख इतका अफाट होता की मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात मावून वर जागा उरली असती. पण तो बहुतांशी गणिती सूत्राने पाडलेला होता, जिलेबी पाडावी तसा, आणि एक गाव दुसऱ्या गावासारखे होते. पुढे २००२ साली ‘मॉरोविंड’ आला तो एका बेटापुरता, त्या मानाने चिमुकला, पण त्यातले दगडधोंडे माणसांनी मांडलेले होते, आणि लोकांच्या मनात घर केले ते त्या बेटाने. याच निर्मात्यांनी सप्टेंबर २०२३मध्ये ‘स्टारफील्ड’ हा अवकाशातला खेळ काढला, त्यात हजारावर ग्रह आहेत. शहरे त्यातही हातानेच घडवलेली आहेत, पण दूरच्या ग्रहांवर तीच ती ओसाड ठाणी पुन्हा पुन्हा दिसतात अशी तक्रार पुष्कळ खेळाडूंनी केली. सहाव्या भागाविषयी मला धाकधूक वाटते ती एवढ्याच एका गोष्टीची.

हाताने मांडणे म्हणजे काय हे ज्याला पाहायचे असेल त्याने पावसाळ्यात नळदुर्गला जावे. तिथे बोरी नदीवर आदिलशाही काळात बांध घातला. पाणी अडवायला भिंत पुरेशी होती. पण बांधणाऱ्यांनी त्या भिंतीच्या पोटात एक महाल केला आणि त्याला बाहेर उघडणारी खिडकी ठेवली. नदी भरून वाहू लागली की नर आणि मादी नावांच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आत उभ्या माणसाच्या पुढ्यात त्याचा पडदा होतो. बांधाला या खिडकीची गरज नव्हती. कुठल्याही सूत्रातून ती निघाली नसती. कुणीतरी कधीतरी इथे येईल, वाकून आत शिरेल आणि चकित होईल, एवढ्या भरवशावर कुणा कारागिराने ती ठेवली. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगावर तुषार घेत उभा होतो आणि मनात आले ते असे की हा खेळ फार चांगला बनवला आहे. मित्राला ते बोलून दाखवल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन करीत नाही.

छत्तीस सेकंदांच्या त्या चित्रफितीवर जगभरच्या चाहत्यांनी जेवढे संशोधन केले आहे तेवढ्यात दोन-चार पीएच. डी. सहज झाल्या असत्या. खडकाचा रंग, किनाऱ्याचे वळण, डोंगराची उंची यांवरून बहुतेकांचा तर्क असा की नवा मुलूख म्हणजे हॅमरफेल असावा. मालिकेच्या कल्पित भूगोलात हा उष्ण, खडकाळ भाग आहे आणि त्याच्या पोटात मोठे वाळवंट आहे. कंपनीने हे मान्य केलेले नाही आणि नाकारलेलेही नाही. बर्फाची सवय झालेल्या काही मंडळींना ही कल्पना नीरस वाटते. मला मात्र मनापासून वाटते की तसेच व्हावे. सगळी वीरकथा हिरव्यागार रानात आणि बर्फातच का घडावी? कोरड्या मुलखात पाण्याची जागा ही खजिन्यापेक्षा मोठी गोष्ट असते. बीडची खजाना विहीर आत उतरून ज्याने पाहिली आहे त्याला हे पटवावे लागणार नाही. तहानलेल्या मुलखात आड शोधणे, कोरड्या पात्रातून वाट काढणे, दुपारचे ऊन टाळून रात्री चालणे हे सारे जर त्या खेळात आले, तर निदान एकदा तरी आमच्याकडच्या खेळाडूला कुणाकडून काही शिकावे लागणार नाही.

आजी गेली त्याला आता सहा वर्षे झाली. त्या डोंगरांची चित्रफीत मी तिला मोबाइलवर दाखवली होती. तिने ती पूर्ण पाहिली आणि विचारले, “ह्यात मानसं कवा यायची?” मी म्हटले, अजून वेळ आहे.

एका म्हातारीचे येणे मात्र ठरलेले आहे. अमेरिकेत शर्ली करी नावाच्या एक आजीबाई आहेत, जन्म १९३६चा. उतारवयात त्या स्कायरिम खेळू लागल्या, खेळताना गप्पा मारत चित्रफिती करू लागल्या आणि पाहणाऱ्यांना ‘नातवंडांनो’ म्हणून हाक मारू लागल्या. त्या नातवंडांनी आग्रह धरला की पुढच्या भागात या आजींचे एक पात्र असावे, आणि २०१९मध्ये निर्मात्यांनी ते मान्य केले. आजींचे वय आणि खेळाचा वेग यांचे गणित जगभरची नातवंडे तेव्हापासून मांडत बसली आहेत.

माझा जुना संगणक नवा खेळ पेलणार नाही, हे उघड आहे. त्यासाठी सोयाबीनच्या पैशांतून थोडे थोडे बाजूला टाकतो आणि दरवर्षी भाव पडला की ते मोडतो. तरी कधीतरी एका सकाळी तो खेळ सुरू होईल, कुठल्या तरी संकटातून मी निसटेन, पहिल्या गावात पोचेन आणि कुणीतरी धापा टाकत येऊन माझ्या हातात सरदारासाठी तातडीचा निरोप देईल. तो मी पिशवीत टाकीन आणि त्या म्हातारीचे घर कुठे आहे ते विचारीत निघेन. तिचे काही हरवले असेल, चुलीला लाकूड हवे असेल, विहिरीवरून घागर आणून द्यायची असेल. आधी तिचे काम. सरदाराला थांबायची सवय आहे.