पंचा टाकून जागा

पावसानं गाठलं म्हणून इंग्लंडमधल्या यॉर्कच्या गुडरॅमगेट रस्त्यावरच्या एका कमानीतून आत पळालो, तर समोर होली ट्रिनिटी चर्च. विजेचे दिवे नाहीत, फरशी खालीवर झालेली, आणि बसायला चक्क लाकडी खोकी. प्रत्येकाला दार. अशी खोकी घराण्यागणिक ठरलेली असायची म्हणे. आत शिरायचं, दार लावायचं, मग पाद्री काय सांगतो ते ऐकायचं.

मला हेवाच वाटला. राममंदिरात कीर्तन असलं की आजी मला तासभर आधी पिटाळायची. सतरंजीवर पंचा टाकून बसायचं, कोणी आलं तर "आहे हो कोणीतरी" म्हणायचं. एवढं करून आमची जागा नेमकी खांबाआड. बुवांचा मला एक कान आणि एक चिपळी, एवढाच परिचय.

इथं बाजूच्या कक्षाच्या भिंतीत तिरकं भोक पाडलंय, तिथल्या पाद्र्याला मुख्य वेदी दिसावी म्हणून. आमच्या खांबाला कोणी पाडलं नाही.

रुमाल बाकावर टाकून मी काच बघायला गेलो. चर्चमध्ये दुसरं कोणी नव्हतं, पण सवय. १४७१च्या सुमारास इथल्या जॉन वॉकर नावाच्या पाद्र्यानं ही रंगीत काच दिली आणि मधल्या चित्रात स्वतःलाही गुडघे टेकून बसवून घेतलं. आपल्याकडे पंख्याच्या पात्यांवर नावं असतात, पण पंखा फिरला की ती दिसत नाहीत. वॉकर जास्त हुशार. थेट देवाच्या पायाशी जागा धरली, ती साडेपाचशे वर्षं सोडलेली नाही.

शेजारी लेडी रो नावाची घरांची रांग आहे, १३१६ची, चर्चच्याच आवारात बांधलेली. तिच्या भाड्यावर आतला एक पाद्री पोसायचा आणि त्यानं मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची. देवळाच्या गाळ्यांवर दिवाबत्ती चालते, तसंच.

निघताना दाराबाहेरची इंद्रधनुषी काठाची पाटी वाचली. अ‍ॅन लिस्टर आणि अ‍ॅन वॉकर, एकमेकींवर जीव जडलेल्या दोन बायका. आधी दोघींनी अंगठ्या दिल्या-घेतल्या, मग १८३४च्या ईस्टरला इथं येऊन एकत्र प्रसाद घेतला, आणि आपल्यापुरतं लग्न लागलं असं मानलं. भर चर्चमध्ये, चार लोकांसारख्या येऊन. त्यांच्यासाठी आधी जाऊन कोणी पंचा टाकला नसणार.

बसस्टॉपवर पोचल्यावर आठवलं, रुमाल आतच राहिला.